इंजिनाचं उचंत खातं

बँकेत उचंत खातं म्हणून एक प्रकार असतो. पैसे कुणाचे ते कळत नाही, कुठे जमा करावेत ते ठरत नाही आणि परत करावेत तर घेणारा सापडत नाही, अशा पैशांना टेकायला दिलेली ती ओसरी. हिशेब लागला की पाहुणा आपल्या घरी जातो. नाही लागला तर ओसरीवरच मुक्काम ठोकतो, आणि वर्षातून एकदा तपासनीस येऊन आम्हांला विचारतात, "हे कोण?" गेली तेवीस वर्षं मी या प्रश्नाला "बघतो, साहेब" असं उत्तर देत आलो आहे. बी.कॉम.ची तीन वर्षं खर्चून मिळवलेल्या ज्ञानापैकी एवढंच वाक्य मला रोज उपयोगी पडतं, आणि तेही पुस्तकातलं नाही.

असं एक खातं मोटरसायकलच्या इंजिनालाही उघडून देता येतं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी समजलं. शहरातली पोरं त्याला 'ऑइल कॅच कॅन' म्हणतात. आमच्याकडचे मिस्त्री 'तेलाचा डबा' म्हणतात आणि पुढचं वाक्य पान थुंकून झाल्यावर बोलतात. इंजिनातून वाफारा बाहेर पडतो, त्याच्याबरोबर तेलाचे तुषार येतात. ते तुषार ना धड आत राहत, ना बाहेर जाऊन कुणाचं भलं करत. त्यांना मध्येच अडवून एका डब्यात बसवायचं आणि नुसती हवा पुढे सोडायची. बस्स. ऐकायला किती सोपं! कर्जमाफीसुद्धा ऐकायला सोपीच असते.

गाडी आमच्या अप्पांची. अप्पा म्हणजे वडील. एस.टी.त ड्रायव्हर होते, २००५ साली निवृत्त झाले. माळशेज घाटात धुक्यातून गाडी कशी काढायची, हे ते अजून जेवताना ताटात करून दाखवतात. भाताचा डोंगर, आमटीची दरी आणि लिंबाची फोड म्हणजे एस.टी. लिंबू सुखरूप पलीकडे जाईपर्यंत घरात कुणी घास घेत नाही. अशा माणसानं १९९४ साली एका कंत्राटदाराकडून १९८७ ची एनफिल्ड बुलेट घेतली. मूळची इंग्लंडातल्या रेडिचची ही जात १९५५ पासून मद्रासला नांदायला आली आणि तिथून गावोगावच्या फौजदारांच्या आणि दूधवाल्यांच्या घरी पडली. आमच्या गाडीला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. हल्लीचा पोरगा चालवायला बसला तर ब्रेक मारायला जातो आणि गिअर बदलतो. त्यामुळे ती चोरीला जायची भीती नाही. चोर पहिल्या वळणावरूनच परत आणून देईल. सुरू करायची तर आधी अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसर दाबून सोडायचा, कुलदैवताचं स्मरण करायचं, आणि मग किक. मी बँकेत उशिरा पोचण्याची जी कारणं रजिस्टरात लिहिली आहेत त्यांत 'काटा मध्यावर नव्हता' हे एक आहे.

आमचं घर शहापूरला, माझी शाखा मुरबाडला आणि मूळ गाव म्हशाच्या वाटेवर. शहापूर तालुका हा मुळातच नळ्यांचा तालुका. तानसा धरण १८९२ सालचं, पुढे मोडकसागर आणि भातसाही आमच्याच तालुक्यात झाली, आणि इथलं पाणी भल्यामोठ्या पाइपांतून मुंबईला जातं. उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर मात्र टँकर येतो. त्यामुळे एकाच्या पोटातलं द्रव दुसऱ्याकडे कसं जातं आणि तिसऱ्याच्या अंगावर कसं उडतं, हे आम्हांला वेगळं शिकवावं लागत नाही.

आमच्या बुलेटमधून उडे ते तेल. आणि उडे ते डाव्या अंगाला.

त्याचं असं आहे. इंजिन श्वास घेतं हे आपल्याला ठाऊक असतं, पण ते दोन ठिकाणांहून घेतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एक श्वास वरचा, कार्ब्युरेटरमधून. दुसरा पोटातला. पिस्टन खाली येतो तेव्हा तो खालच्या पेटीतली, म्हणजे क्रँककेसमधली, हवा दाबतो. वर जातो तेव्हा ओढतो. चार सिलिंडरांच्या मोटारीत दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात, त्यामुळे घरातली हवा घरातच इकडून तिकडे होते. एकत्र कुटुंबात भांडण घरातच मिटतं तसं. बुलेटला पिस्टन एकच. सत्तर मिलिमीटर व्यासाचा, नव्वद मिलिमीटरची धाव. म्हणजे प्रत्येक फेरीला ३४६ घनसेंटिमीटर हवेला धक्का. मिनिटाला ३००० फेऱ्या धरल्या तर हजार लिटरांवर हिशेब जातो. दहा हजार लिटरांचा टँकर दहा मिनिटांत, तोही आमच्या पाड्यावर कधीच भरला गेला नाही इतक्या वेगानं! अर्थात ही सगळी हवा बाहेर पडत नाही. बहुतेक आतल्या आत ढकलली जाते. बाहेर जायच्या पाइपाच्या टोकाला रबराची बदकाच्या चोचीसारखी झडप असते. आतून फुंकर आली की चोच उघडते, ओढ लागली की मिटते. बदक बोलतं पण ऐकून घेत नाही. या एका सोयीमुळे पोटात दाब साचत नाही आणि तेल आपलं जिथल्या तिथे राहतं.

त्यात पिस्टनच्या रिंगा म्हणजे काही बँकेची तिजोरी नव्हे. जळलेला वायू थोडा थोडा त्यांच्या फटीतून खाली निसटतोच. नव्या इंजिनात कमी, म्हाताऱ्या इंजिनात जास्त. तो वायू बाहेर जाताना तेलाचे थेंब बरोबर घेऊन जातो. जुन्या बुलेटचा हा पाइप मागच्या चेनपाशी सोडलेला असायचा, म्हणजे त्या फवाऱ्यानं चेनला परस्पर तेल मिळायचं. कल्पना हुशारीची. फक्त चेन डाव्या बाजूला, आणि आपल्याकडे साडी नेसलेली बाई मागे बसते तीही डावीकडे पाय सोडून, हे हिशेबात धरलेलं नव्हतं. पूर्वी अमेरिकेतल्या मोटारीही हा धूर एका नळीनं सरळ रस्त्यावर सोडत. मग कॅलिफोर्नियानं तो परत इंजिनाकडेच वळवायची सक्ती केली. मी ही माहिती अप्पांना दिली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तिकडं पण धोतरं खराब व्हायची."

धोतराचा विषय असा सहज निघाला खरा, पण तो सहज नव्हता.

आमच्या हिनं फार पूर्वीच निकाल दिला होता. एका लग्नाहून परत येताना तिनं साडीचा काठ बघितला, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, शनिवारी तेल घालतात ते मारुतीला. मी मारुती नाही." त्यानंतर ती एस.टी.नं जाते. मागे बसणारे उरले अप्पा. त्यांना गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती, पण मागे बसायला कुणी मनाई केली नव्हती. पांढरं धोतर, पांढरा सदरा, वर टोपी, अशा थाटात ते बसत आणि शहापूर ते मुरबाड माझ्या प्रत्येक गिअरवर मागून शेरा मारत. "आता टाक." "अजून नको." "कारं, म्हातारी झालीय ती, तिला ओरडायला लावू नको."

२०२३ च्या उन्हाळ्यात मुरबाडला नात्यातला एक साखरपुडा होता. हॉल थाटाचा, खुर्च्यांना पांढरी कापडं, मागे गुलाबी बो. अप्पा आत गेले. डाव्या पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत तेलाची नक्षी. स्वागताला उभ्या असलेल्या एका पोरानं, अगदी अदबीनं, खुर्चीवर आधी वर्तमानपत्र अंथरलं आणि मग म्हणाला, "बसा, आजोबा."

अप्पा बसले नाहीत. जेवण होईपर्यंत उभेच होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे गुडघे दुखू लागले. म्हणजे बुलेटवर बसायचं म्हटलं की दुखत. एस.टी.च्या पायऱ्या चढताना दुखत नसत. मी एकदोनदा विचारलं, तर म्हणाले, "वय झालं आता." एस.टी.त पस्तीस वर्षं लोकांना 'पुढे सरका' म्हणणारा माणूस असा आपणहून मागे सरकला की घरात बरं वाटत नाही.

पुढे २०२४ च्या दिवाळीत डोंबिवलीचा धाकटा भाऊ गिऱ्हाईक घेऊन आला. जुन्या बुलेटना हल्ली भाव आहे. गिऱ्हाइकानं गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि लाखावरचा आकडा बोलला. आम्ही सगळे अप्पांकडे बघायला लागलो. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "विका. मी काय आता बसत नाय." भावानं संक्रांतीनंतर व्यवहार करायचं ठरवलं. त्या रात्री मी अंगणात जाऊन गाडीच्या डाव्या अंगाला बॅटरी मारून बसलो. हिनं खिडकीतून विचारलं, "काय शोधताय?" मी म्हटलं, "गुडघे."

सापडलं ते असं. क्रँककेसमधून जिथे हवा बाहेर येते तिथे बोटभर लांबीची लोखंडी नळी असते. ती आट्यांची नव्हे, दाबून बसवलेली. भोक किंचित लहान, नळी किंचित मोठी, आणि ठोकून आत सारायची. एकदा बसली की जन्माची. लग्नासारखंच, आणि लग्नासारखंच तिच्यावर बाहेरून फार ओढाताण झाली की ती सैल होते. सदतीस वर्षांत कुणा ना कुणा मिस्त्रीनं पाइप काढताना तिला पकडीनं पिरगाळलं होतं. मग ती हलायला लागल्यावर आणखी कुणीतरी तिच्या बुडाशी एम-सीलचा लाडू थापला होता. त्या लाडवाला तडा गेला होता आणि तेल नळीतून कमी आणि नळीभोवतून जास्त येत होतं. चोचीचं रबर कडक होऊन उघडंच राहिलं होतं. दोष कंपनीचा नव्हे. सदतीस वर्षांत माझी स्वतःची काय काय रबरं कडक झाली आहेत ते मी इथे लिहीत नाही.

म्हणजे नुसता डबा टांगून भागणार नव्हतं. सैल नळीला डबा जोडणं म्हणजे वठलेला धनादेश नसताना पासबुकात नोंद करणं. आधी नळी बदलायला हवी होती.

मी ओळीनं तीन सल्ले घेतले. पहिले मिस्त्री म्हणाले, "हातोड्यानं आत सारतो आणि वरून अ‍ॅरल्डाइट." आत सारतो म्हणजे कुठे? तर इंजिनात! दुसरे म्हणाले, "भोकच बंद करू, साहेब. ना राहील बास, ना वाजेल बासरी." ही म्हण त्यांनी इतक्या आत्मविश्वासानं वापरली की मी क्षणभर मान डोलावली. पण श्वासाचं भोक बंद केलं तर आतला दाब जाणार कुठे? तो मग प्रत्येक सीलमधून, प्रत्येक गॅस्केटमधून वाट काढतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिसरे एक टर्नर, मुरबाडच्या एम.आय.डी.सी.त लेथवर आयुष्य काढलेले. आता घराच्या पडवीत स्वतःचं छोटं लेथ टाकलेलं. त्यांनी काहीच सल्ला दिला नाही. चष्मा पुसला, व्हर्निअर काढला, आणि भोकाभोवतीची भिंत किती जाड आहे ते मोजलं. जो माणूस बोलण्याआधी मोजतो त्याला मी कर्जसुद्धा द्यायला तयार असतो.

भिंत बारीक आटे पाडण्याइतकी जाड निघाली. नसती, तर किंचित मोठी नळी करून पुन्हा दाबूनच बसवावी लागली असती. ठरलं असं, की जुनी नळी ओढून काढायची, भोकात आटे पाडायचे, आणि ॲल्युमिनियमचा नवा निपल फिरवून बसवायचा, म्हणजे पुढच्या पिढीला तो पान्यानं काढता येईल. पुढची पिढी म्हणजे आमचा चिरंजीव. तो सध्या मोबाइल चार्ज करायला उठतो, तेवढाच.

रविवारी सकाळी आम्ही गाडी टर्नरच्या अंगणात उभी केली. "नुसतं बघायला येतो" म्हणून अप्पाही एस.टी.नं आले. गुडघ्यांचं आम्ही कुणी काही काढलं नाही.

नळी काढणं हे दात काढण्यासारखं आहे. हलवून काढायला गेलं की भोक लंबगोल होतं. टर्नरनं नळीच्या आतूनच आटे पाडले, त्यांत बोल्ट फिरवला, बोल्टवर एक जाड पोकळ तुकडा आणि वायसर चढवला आणि नट आवळत गेले. म्हणजे नळी सरळ रेषेत वर ओढली जाते, कुणाला धक्का नाही, कुणाला बुक्का नाही. त्याआधी उकळत्या पाण्यात पिळलेली फडकी भोकाभोवती धरली. उष्णतेनं ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे भोक नळीला थोडं सोडून देतं. स्टोव्हची ज्योत लावायला अप्पांनी साफ नकार दिला. "वर पेट्रोलची टाकी आहे. गाडी दुरुस्त करायचीय का तेरावा घालायचाय?" चार फडकी झाली, पाचव्याला 'कट्' असा आवाज आला आणि नळी निघाली. एम-सीलचा लाडूही आपोआप गळून पडला. तो मी खिशात टाकला. तपासनिसाची सवय.

आता खरी भीती होती आटे पाडायची. टॅप फिरतो तेव्हा धातूचा कीस निघतो, आणि भोकाच्या खाली सरळ इंजिनाचं पोट. ॲल्युमिनियमचा एक कण तेलात मिसळून पंपात गेला तर पुढे तो काय करील याचा भरवसा नाही. मी शहाणपणानं म्हटलं, "पडलाच तर लोहचुंबकानं काढू." टर्नर माझ्याकडे दयेनं बघून म्हणाले, "साहेब, ॲल्युमिनियम चुंबकाला ओळखच दाखवत नाही." मग त्यांनी ग्रीसमध्ये भिजवलेल्या फडक्याची गुंडाळी, तिला दोरा बांधून, टॅप पोचणार नाही इतकी खोल बसवली. टॅपच्या खाचांतही ग्रीस भरलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, बाहेर काढा, पुसा, नवीन ग्रीस. कीस ग्रीसला चिकटून बाहेर येत होता आणि मी तो पांढऱ्या कागदावर ठेवत होतो. बँकेत एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासून सही करायची असा नियम आहे. त्याप्रमाणे टर्नर नोंद करत होते, मी तपासत होतो, आणि मध्येच कुणी चुकून किक मारली तर सगळाच ताळेबंद कोसळेल म्हणून अप्पा स्वतः गाडीवर बसून पहारा देत होते.

हो, बसून. उजव्या किकवर पाय रोवून, तासभर. गुडघे दुखल्याचा शब्द नाही.

दोरा ओढून गुंडाळी काढली, मोजली. एक घातली होती, एकच निघाली. मग इंजिनातलं जुनं तेल काढलं, स्वस्तातलं ताजं तेल ओतून, गाडी सुरू न करता तेही काढलं आणि हिच्या जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळलं. दोन कण सापडले. ते मी कागदावरच्या ढिगात जमा केले. पुन्हा तेल, पुन्हा गाळण. या वेळी निरंक. मग कुठे टर्नरनं नवा निपल हातात घेतला.

तिथे अप्पांनी हरकत घेतली. निपल दिसायला सुरेख, बाहेरून आटे, मधे षटकोन, वर पाइप घट्ट बसावा म्हणून कंगोरे. अप्पांनी त्याच्या भोकातून आभाळ बघितलं, मग जुन्या नळीतून बघितलं, आणि म्हणाले, "हे बारीक आहे." खरंच बारीक होतं. आट्यांना भिंत ठेवायची म्हणून आतलं भोक लहान झालं होतं. "गाडीत साठ माणसं आणि उतरायला एकच दार, तेही अर्धं उघडलेलं," अप्पा म्हणाले. "चेंगराचेंगरी होणार." टर्नर हे लेथवाले, अप्पा स्टेअरिंगवाले, मला वाटलं आता वाद होणार. पण टर्नरनं मुकाट्यानं निपल पुन्हा लेथवर चढवला आणि आतून खरवडून जुन्या नळीइतका मोकळा केला. भिंत पातळ झाली, पण पुरेशी राहिली. आट्यांवर सीलंट लावलं, तेही पहिले दोन आटे कोरे सोडून, म्हणजे आत काही गळून पडू नये. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायचं मी सुचवलं होतं, पण तिचे तुकडे सुटून आत जातात म्हणून ती सूचना नामंजूर झाली.

आता डबा. बाजारात तयार डबे मिळतात, रंगीत, चकचकीत. पण अनेक डबे आतून रिकामे असतात, एका तोंडातून आलेला तुषार दुसऱ्या तोंडातून तसाच सुखरूप बाहेर. आत काहीतरी अडथळा हवा, ज्यावर आदळून तेल थेंब होईल आणि खाली बसेल. कुणी भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. तिच्या तारा तुटून पुढे गेल्या म्हणजे मग आणखी एक निबंध लिहावा लागेल. आम्ही शहापूरच्या भांड्यांच्या दुकानातून पावशेरी स्टीलचा डबा आणला आणि त्यात स्टीलच्या गाळणीची जाळी झाळून बसवली. गाळणी घरची. ही दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बोलली ते इथे छापण्याजोगं नाही. डब्याला आत यायचं तोंड, बाहेर जायचं तोंड आणि बुडाला एक छोटी तोटी. आत येणाऱ्या वाटेवर बदकाची नवी चोच. बाहेरच्या तोंडाचा पाइप एअर फिल्टरच्या पेटीत. पाइप तेलाला टिकणारा रबरी, कारण पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप गरम तेलानं मऊ होऊन स्वतःचाच गळा दाबतो. आणि इंजिनापासून डब्यापर्यंत चढता, मधे कुठे झोळ नाही. झोळ राहिला की तिथे पाणी साठतं आणि वाट अडते. एवढं झाल्यावर चेनला परस्पर मिळणारं तेल बंद झालं, म्हणून ते हातानं घालायचं काम माझ्या कपाळी आलं. फुकटची सोय बंद झाली की कसं वाटतं ते मला व्याजमाफी संपलेल्या खातेदारांच्या चेहऱ्यांवरून माहीत होतं.

मी लगेच एक वही घातली. तारीख, किलोमीटर, डब्यातली जमा मिलिलिटरांत, शेरा. हिच्या औषधाच्या मापानं मोजायचं. पहिल्या आठवड्यात डब्यातून निघालं ते बघून मला धक्का बसला. तेल नव्हतंच, दुधाळ कॉफी होती. मी म्हटलं, संपलं, इंजिनात पाणी शिरलं. अप्पांनी बोट बुडवलं, वास घेतला आणि म्हणाले, "थंडी आहे. तू शहापूर बाजारात जातोस आणि परत येतोस. गाडी तापते कुठं?" नंतर वाचलं ते असं, की पेट्रोल जळलं की त्यातून वाफ तयार होते, एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांवरून खाली येतं, आणि इंजिन नीट तापलं नाही तर तेलात मिसळून अशी कॉफी होते. लांब पल्ल्याला गेलं की ते उडून जातं. आमची म्हातारी आजारी नव्हती, तिला कुणी लांब नेत नव्हतं एवढंच.

मग मी मुरबाडला रोज बुलेटनंच जायला लागलो. कॉफी कमी झाली, काळं तेल थोडं थोडं येत राहिलं. रिंगा काही नव्या नव्हत्या. पण आकडा वाढत नव्हता. जो आकडा वाढत नाही त्याची बँकेत कुणी काळजी करत नाही.

पौष पौर्णिमा २०२५ साली १३ जानेवारीला, सोमवारी आली. त्या दिवशी प्रयागराजला महाकुंभ सुरू झाला आणि म्हशाला यात्रा. आमचे शाखेतले एक सहकारी कुंभाला निघाले, त्यांना निरोप समारंभ झाला. मी म्हशासाठी रजा मागितली तर साहेब म्हणाले, "म्हसा? तिथे काय मिळतं?" मी म्हटलं, "बैल आणि घोंगड्या." साहेबांनी अर्जावर काही न बोलता सही केली. गावाकडचे असावेत.

सकाळी मी किक मारली. अप्पा ओट्यावर होते. पांढरं धोतर, धुवून इस्त्री केलेलं. मी काही बोललो नाही. ते उठले, गाडीभोवती आले, वाकून निपलाभोवती बोट फिरवलं, बोट बघितलं, धोतराला न पुसता टोपीखालच्या केसांना पुसलं आणि मागे बसले. शहापूर सोडल्यावर पहिला शेरा आला. "आता टाक."

म्हशाला नेहमीची गर्दी. बैलांच्या शिंगांना रंग, धुरळा, भोंगे, भज्यांचा वास, आणि पाळण्यातून ओरडणारी पोरं. अप्पा उतरले ते डावा पाय पुढे करून, बुटाची नाडी बांधल्यासारखे वाकले. अप्पा चपला घालतात. मी मुद्दाम बैलांकडे बघत राहिलो. एका ओळखीच्या घोंगडीवाल्यानं आवाज दिला, "या, ड्रायव्हर, किती दिवसांनी!" आणि पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली. अप्पा सरळ जाऊन बसले. खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही.

इतक्यात डोंबिवलीहून भावाचा फोन. गिऱ्हाईक बुधवारी पैसे घेऊन येतंय, कागद तयार ठेवा. मी अप्पांकडे फोन दिला. भोंग्यांमुळे त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, किंवा येत असावं. ते मोठ्यानं म्हणाले, "त्याला सांग, गाडी म्हशाला गेलीय."

"अहो अप्पा, पण बुधवारी..."

"बुधवारी पण म्हशालाच असंल," म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि घोंगडीचा पोत बघायला लागले.

रात्री शहापूरला आल्यावर त्यांनीच तोटी सोडली, मापात धरलं आणि वही मागून घेतली. नोंद त्यांच्या अक्षरात आहे. जमा : ४ मिली. पाणी नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, 'घोंगडी ९०० ला सांगत होता. ६५० ला घेतली.'